नाव नसलेला नकाशा

“यावर एकही नाव नाही,” सावंत साहेब म्हणाले आणि माझा नकाशा त्यांनी उलटा करून पाहिला. “हे शीळफाट्याजवळचं आहे की स्वित्झर्लंडचं?”

माझे बॉस, प्रधान सर, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. चूक माझीच होती. दोन दिवस चालून काढलेला नकाशा मी सवयीने ओरिएंटिअरिंगच्या पद्धतीने केला होता. या खेळात अनोळखी जंगलात नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावायचं आणि लपवलेली निशाणं क्रमाने शोधायची असतात. नकाशावर दगड, विहीर, झाडी, वाट सगळ्यांना खुणा असतात. नाव कशालाच नसतं. मी अकरा वर्षं स्पर्धा धावले. घोटा गेला, स्पर्धा संपल्या. “आता काय करणार?” असं नातेवाईक अशा चेहऱ्याने विचारायचे की जणू मीच गेले. माझ्याबरोबरची एक कोच झाली, एक बँकेत लागला. मी नौपाड्यातल्या प्रधान सरांच्या तीन खुर्च्यांच्या सर्व्हे ऑफिसात नकाशे काढते.

सावंत साहेब रस्ता रुंदीकरणाचे इंजिनिअर; मोजणीचं काम त्यांनीच आमच्या ऑफिसला दिलेलं. रस्त्याकडेला सलग भिंत येणार होती. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये गाड्या होत्या, गटार होतं, दिव्याचे खांब होते. चालणारा माणूस नव्हता. तो कधीच नसतो. गावातली पोरं आमराईतून उतरून, रस्त्याखालच्या जुन्या मोरीतून वाकून, पलीकडच्या शाळेत जातात. दहा मिनिटांची वाट. भिंत मोरीच्या तोंडावरच येत होती. मग फाट्यापर्यंत वळसा, आणि कंटेनर ट्रकांच्या मधून रस्ता ओलांडायचा.

“ड्रोनच्या फोटोत वाट दिसत नाही,” साहेब म्हणाले.

“ड्रोन झाडाच्या वरून जातो. पोरं झाडाखालून जातात.”

“अगं, हळू,” प्रधान सर म्हणाले.

“साहेब, पायवाटेला नाव लागत नाही. पाय लागतात.”

“मॅडम, पत्रक वाटायला आलाय की काम करायला?”

दोन्ही, असं तोंडावर आलं होतं. त्याऐवजी म्हटलं, “उद्या सकाळी या. नकाशा तुमच्या हातात. मी एक शब्द बोलणार नाही. तीन निशाणं सापडली नाहीत, तर भिंत बांधा.”

सर मला नंतर जिन्यात म्हणाले, “पैज लावायच्या आधी विचारायचं असतं गं.”

सकाळी लवकर जाऊन मी बांबूच्या काठ्यांवर निशाणं लावली. केशरी-पांढरा, तीन बाजूंचा कापडी डबा, लहान आकाशकंदिलाएवढा. साहेब नवे बूट घालून शाळेच्या गेटपाशी आले. मी एवढंच शिकवलं: नकाशा उत्तरेला धरा, अंगठा आपण आहोत तिथे ठेवा, चालाल तसा अंगठा सरकवा.

मोरीच्या पलीकडच्या तोंडाशी पहिलं निशाण मिळालं. तिथेच भिंतीसाठी चुन्याची रेघ मारलेली होती, बरोबर वाटेवर आडवी. साहेबांनी रेघेकडे पाहिलं आणि ते ती ओलांडून पुढे गेले. आमराईत ते डावीकडे भरकटले. मी जीभ चावून मागे उभी. ते थांबले, परत नकाशावरच्या जोडदगडापाशी आले आणि दुसरं निशाण सापडल्यावर चक्क हसले. तोवर दप्तरं घेतलेली पोरं समोरून उतरली आणि आम्हालाच बाजूला व्हावं लागलं.

तिसरं निशाण विहिरीच्या वळणावर. तिथे काहीच नव्हतं.

मीच लावलं होतं, तासाभरापूर्वी. पण मी बोलणार नाही असा शब्द दिलेला.

साहेबांनी अंगठा बघितला, विहीर बघितली. “इथेच पाहिजे.”

त्यांनी विहिरीला एक फेरी मारली.

“मॅडम, नकाशा चुकणार नाही. ही विहीर, हा बांध. तुम्ही लावायला विसरलात.”

“मी विसरले नाही.”

“मग नकाशा बरोबर आहे ना? वाद कशाला घालताय?”

समोरच्या घरातून हिराकाकू आल्या. त्यांच्या दोन नाती याच वाटेने शाळेत जातात. काकूंच्या हातात काठीसकट माझं निशाण होतं.

“ह्या तुमचा हाय का? मला मोजनीचा वाटला. उपटला.”

“काकू, हे भिंतीविरुद्ध होतं,” मी म्हटलं.

“मग आधी सांगाचा ना, बाय. भिंतीवाले पन न सांगताच येतान.”

साहेब मान खाली घालून बुटाला लागलेला चिखल पुसत राहिले. मग पेन काढून विचारलं, “या वाटेला काय म्हणता?”

काकूंना प्रश्नच कळला नाही. “वाट म्हनतो.”

त्यांनी माझ्या नकाशावर तसंच लिहिलं: वाट.

आता भिंतीत मोरीपाशी मोकळी जागा आहे, दोन पायऱ्याही आहेत. ड्रॉइंगवर तो शब्द साहेबांच्या अक्षरात आहे. मी हल्ली नकाशावर नावं घालते. आणि निशाण लावायच्या आधी शेजारच्या घराची कडी वाजवते. अकरा वर्षांच्या स्पर्धांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कारण जंगलात कुणी राहत नाही असं आम्ही धरून चालायचो.