उठण्याआधीचं बसणं

मी मुळातच चुळबुळ्या माणूस. इथे अमेरिकेत, नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत उभा जन्म काढला, तोही प्लांटमध्ये येरझाऱ्या घालत. खुर्चीला चिकटून बसणारी माणसं मला कधी समजलीच नाहीत. बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आलो, तरी जेवताना चार वेळा उठल्याशिवाय माझं जेवण पुरं व्हायचं नाही. "बाबा, बस ना एका जागी!" हे मुलीचं पालुपद.

पण शुगर जुनी. तिनं पायांच्या नसा खाल्ल्या. न्यूरोपथी म्हणतात त्याला. तळवे इतके बधिर की चप्पल पायात आहे की निसटली हे खाली बघून कळतं. आणि गंमत म्हणजे तेच बधिर तळवे जळतात! बसलं की आग आग होते म्हणून उठावं, तर उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आता माणसानं करायचं तरी काय?

तरी मी खुशीत होतो, कारण मला काम मिळालं होतं. नात आठ महिन्यांची. मुलीची रजा संपत आली होती, जावयाचं ऑफिस लांब. दिवसभर नातीला मी सांभाळायचं ठरलं होतं. डे-केअर कशाला, घरात आजोबा धडधाकट आहे, असं मी येईल त्याला ऐकवत होतो.

मग गणपती आले. इथल्या आमच्या मराठी मंडळींची आरती एकीवर कधी भागत नाही. पुण्याच्यांची झाली की नागपूरच्यांना आपली आठवते, आणि सगळे उभेच. अगदी शेवटी टाळ्या वाजवत जो तो जागच्या जागी गोल फिरतो. नात माझ्या कडेवर होती. ती फुलांकडे झेपावायला लागली म्हणून मुलीनं घेतली. मी सगळ्यांबरोबर फिरलो. समया लांब गेल्यासारख्या वाटल्या, आवाज विरला, आणि पुढचं कळलं ते मी कार्पेटवर आडवा होतो तेव्हा.

"काका, गरगर फिरलात ना, म्हणून चक्कर आली."

"सकाळपासून उपाशी आहेत यार, दुसरं काय!"

नैवेद्याआधी आमच्याकडे कुणी खात नाही, त्यामुळे हे सगळ्यांना पटलं. कुणीतरी लगबगीनं लिंबाचं सरबत आणलं. साखर घालून, तेही मला! मुलगी मात्र नातीला छातीशी घट्ट धरून नुसती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती डे-केअरवाल्यांशी फोनवर बोलताना मला ऐकू आलं. मला न विचारता! मी घर डोक्यावर घेतलं. "मी काय म्हातारा झालो? मोडीत निघालो?"

"बाबा, एक मिनिट आधी ती तुझ्या कडेवर होती," ती म्हणाली आणि रडायला लागली.

पण माझा राग होताच. त्या रागातच डॉक्टरांकडे गेलो. मला काही झालेलं नाही, हे त्यांच्याच तोंडून मुलीला ऐकवायचं होतं.

घरी आम्ही बीपी नेहमी खुर्चीत निवांत बसून मोजायचो. ते थोडं जास्तच यायचं, म्हणून लोणचं-पापड बंद करून टाकलेलं. डॉक्टरीणबाईंनी मला आधी झोपवून मोजलं, मग उभं करून मोजलं, आणि उभंच ठेवून पुन्हा मोजलं. झोपलेलं असताना चढलेलं बीपी उभं राहताच धाडकन खाली आलं होतं. त्या म्हणाल्या, "ज्या आजारानं पाय बधिर झालेत, त्यानंच रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाही सुस्तावल्यात. तुम्ही उठता, रक्त पायांत उतरतं, आणि ते वर ढकलायला वेळेवर कुणी नसतं." गोळ्या बदलल्या, घट्ट मोजे दिले. आणि वर सांगितलं की आधी उठून बसायचं, पावलं हलवायची, मग धरून उभं राहायचं, थांबायचं, आणि मगच चालायचं. हे मला!

मुलीनं ऐकून घेतलं, पण मी हे पाळीन यावर तिचा विश्वास बसेना. शेवटी एक दिवस ट्रायल ठरली. खोलीत कॅमेरा लावून ती ऑफिसला गेली.

दुपारी नात पाळण्यात झोपली आणि मी शेजारच्या सोफ्यावर पाय वर करून पडलो. डोळा लागतोय न लागतोय तोच तिनं भोकाड पसरलं. नुसतं रडणं नव्हे, किंचाळणं. मी ताडकन उठणारच होतो. अर्धा उठलोही, आणि कडेकडेनं अंधार यायला लागला.

बसलो. पावलं हलवायला लागलो. जन्मात इतकं अवघड काम केलं नसेल. ती पाळण्याचे गज धरून माझ्याकडे बघत होती, हात पुढे करत होती, आणि मी आपला पावलं हलवतोय! स्वतःला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग सोफ्याची पाठ धरून उभा राहिलो. पुन्हा थांबलो. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. डोळ्यांपुढचं सगळं लख्ख दिसायला लागल्यावरच पाऊल टाकलं, तिला उचललं आणि लगेच खुर्चीत बसलो. हुंदके देत देत ती माझ्या खांद्यावर कलंडली.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मी बघत होते."

"मग बोल काय बोलायचं ते."

"ती एवढी रडत होती, आणि तू बसून राहिलास."

"राहिलो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "तुला कसं जमलं रे बाबा? मी इथे खुर्चीतून उठून उभी राहिले होते." आणि मग हळूच म्हणाली, "डे-केअर कॅन्सल करते."

नातीचा ओला गाल मानेला चिकटला होता.

"फोन ठेव आता," मी खेकसलो. "झोपतेय ती."