लाईट असेल तर कॉम्प्युटर, नसेल तर पोथी

किस्से साचत जातात आणि सांगायला बसलं की वाटतं, आपणच तिखटमीठ लावतोय. माझ्याकडे मात्र वह्या आहेत. दूध डेअरीत फॅट मोजता मोजता सगळंच टिपून ठेवायची खोड लागली, आणि रविवारच्या आमच्या खेळाच्याच अकरा वह्या भरल्या. त्यातल्या निम्म्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. उरलेलं निम्मं सांगण्यासारखं नाही!

खेळणारे आम्ही चौघं. निरगुडसरला शैलाताईंचं डीटीपी सेंटर होतं, लग्नपत्रिका नि बायोडाटा छापायचं. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही तिथं बसायचो. शैलाताई जादूगारीण, मी वैद्य, लोणीचे बबनतात्या योद्धा. खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतंय ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. गोष्ट रचणाऱ्याला पुस्तकात 'मास्टर' म्हटलं होतं. आमच्यातले साळवे मास्तर शाळेवर मास्तर होतेच, त्यामुळे निवडणूक टळली.

पुस्तक मास्तरांनाच पुण्याच्या रद्दीत मिळालेलं. जाडजूड, इंग्रजी, कव्हर गायब, पहिली सोळा पानं गायब. खेळाचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. पुस्तकाला आम्ही 'पोथी' म्हणायचो.

*

तात्यांच्या पात्राचं नाव हैबती. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, भुयारात सोबत काय नेणार? तलवार, ढाल, दोर, मशाल अशी लांबलचक यादी होती. तात्या म्हणाले, "बैलजोडी."

राक्षसाच्या भुयारात बैल कशाला?

"मग माल आनायचा कशात?"

पोथीत घोडा होता, खेचर होतं, बैल नव्हता. मास्तरांनी पेन्सिलीनं बैल घातला. हैबतीनं राक्षस पहिल्याच रविवारी मारला, पण भुयारात बैल वळवायला जागा नव्हती. पुढचे चार रविवार आम्ही बैल उलटे चालवत होतो!

हसू येतं, पण तात्यांचा जीव होता हैबतीवर. दोन्ही मुलगे पिंपरीला, गुडघ्यामुळे स्वतःचं रानात जाणं बंद. हैबती मात्र डोंगर चढायचा. पोथीचा नियम कडक, पात्र मेलं की मेलं. तात्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "हैबती गेला की मीबी येनार न्हाई. दुसरा करायचा न्हाई." आणि तात्या बोलले की तसंच करायचे.

*

पोथीला फासा हवा वीस बाजूंचा. मंचर, नारायणगाव, जुन्नर पालथं घातलं, सगळीकडे सहाच बाजू. मग आम्ही स्टीलच्या डब्यात वीस चिठ्ठ्या टाकल्या. महिन्याभरात तात्यांना विसाची चिठ्ठी बोटानं ओळखू यायला लागली. शेवटी शैलाताईंनी कॉम्प्युटरवर फासा बसवला. बटण दाबलं की आकडा.

तात्यांना पटेना. "ह्यात हात कुटं हालतोय? नशीब माझं आन फेकनार ह्यो डबा?"

तडजोड अशी निघाली, की तात्यांनी माउस मुठीत धरून कानाशी खुळखुळवायचा, मग खाली ठेवून बटण दाबायचं. त्या वेळच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. तिसऱ्या रविवारी ती निसटून टेबलाखाली गेली. मास्तर पोथीत डोकं घालून बसलेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, किती पडले?

"गोळी पडली," तात्या म्हणाले. "आकडा आजून वरच हाय."

*

तात्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून शैलाताईंनी पोथीतले सगळे तक्ते मराठीत टाइप केले. राक्षसाची ताकद किती उरली, तेही कॉम्प्युटरच सांगायचा. एकदा राक्षस अगदी शेवटच्या घटका मोजत होता आणि लोडशेडिंग झालं. मास्तर पोथी घेऊन शटरच्या उजेडात सरकले, चिठ्ठ्यांचा डबा निघाला, हैबतीनं राक्षस मारला आणि शेपूट तोडून बैलावर लादलं.

तासाभरानं लाईट आली. फाईल सेव्ह केलेली नव्हती. स्क्रीनवर राक्षस ठणठणीत!

शैलाताई म्हणाल्या, मशीन खोटं सांगत नाही. तात्या ऐकेनात. "ताई, आमच्याकडं लाईट आली का मोटर चालू व्हती. मेलेला उठून बसत न्हाई."

त्या दिवशी मास्तरांनी पुठ्ठ्यावर स्केचपेननं नियम लिहून भिंतीला लावला: 'लाईट असेल तर कॉम्प्युटर, नसेल तर पोथी.' पत्रिका छापायला आलेल्या एका वरबापानं तो दोनदा वाचला आणि काळजीनं विचारलं, "हे आमच्या भटजींना सांगून ठेवायचं का?"

*

पोथी आठवड्याला एकेकाच्या घरी जायची. तात्यांच्या घरी काकूंनी ती लाल फडक्यात बांधली. काकू मराठी पोथ्या रोज वाचणाऱ्या, ही काही त्यांना वाचता येईना. पण नवरा रविवारी ती काखेत घालून जातो, म्हणजे देवाधर्माचंच काही असणार. एका गुरुवारी त्यांनी ती मधोमध उघडून ओलं हळदकुंकू लावलं, ते नेमकं विषाच्या तक्त्यावर.

मास्तर समजवायला गेले, तर म्हणाल्या, "पोथीला न्हाई लावायचं तर काय रेडिओला लावू, गुर्जी?"

मास्तर परत आले. म्हणाले, असू दे, कॉम्प्युटरवर आहे की सगळं. मी वहीत रीतसर नोंद केली.

*

पुढे कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. सगळं पुसून नव्यानं भरलं, फायली फ्लॉपीवर होत्या म्हणून वाचल्या, पण मराठी फॉन्ट गेला. फाईल उघडली की टोपीवाली इंग्रजी अक्षरं आणि उलटी प्रश्नचिन्हं. आकड्यांची तीच गत.

मास्तरांना ते आवडलं. ही राक्षसाची भाषा, म्हणून त्यांनी त्यातल्या दोन ओळी गोष्टीत घातल्या आणि आम्हाला उकलायला दिल्या. दोन रविवार आम्ही डोकं खाजवलं. मग शैलाताईंच्या ध्यानात आलं, की फाईलच चुकीची उघडली होती. राक्षस दोन आठवडे आम्हाला सहकुटुंब सहपरिवार लग्नाला बोलवत होता!

*

फॉन्टची सीडी मंचरच्या प्रेसवाल्याकडे होती. ती यायच्या आधीच हैबतीला नाग चावला.

मास्तरांनी विषाचा तक्ता काढला. तिथं दिलेला आकडा किंवा त्याहून जास्त पडला तर जगला, कमी पडला तर गेला. तात्यांनी माउस नेहमीपेक्षा जास्त वेळ खुळखुळवला. पाच पडले.

मास्तरांनी पोथी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. आकड्याची उजवी बाजू दिसत होती, डावी कुंकवाखाली. इंग्रजी तीन असेल किंवा आठ. तीन असेल तर हैबती जगला. फाईल उघडली, तर टोपीवाली अक्षरं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही काढून वाचलं: पान एक्केचाळीस, डाग बोराएवढा, रंग गर्द, कडेला हळद. आकडा मी लिहिलेलाच नव्हता.

तात्यांनी चपला घातल्या. "फाँट आला का कळवा," म्हणाले आणि गेले. पुढचे दोन रविवार शटर बंद राहिलं.

सीडी दसऱ्याला आली. मशीनची पूजा करायची होती, म्हणून शैलाताईंनी काकूंना बोलावलं. सोबत तात्याही आले, पण आत येईनात. शटरशी रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. लाईट होती. शैलाताईंनी फॉन्ट टाकला, फाईल उघडली आणि स्क्रीनकडे न बघता बाजूला झाल्या. मास्तर चष्मा काढून पुसत बसले. मी वही उघडून तयार होतो, पण मला काकूंची पाठच दिसत होती.

काकू ताट घेऊन पुढे झाल्या, वाकल्या. पोथी वाचतात तसं पुटपुटत एकेक ओळ वाचत खाली आल्या. 'नाग' म्हणून थांबल्या. वळून शटरकडे पाहिलं. मग बोट कुंकवात बुडवलं आणि काचेवर, नेमकं त्या ओळीतल्या आकड्यावर टेकवलं.

"झाली पूजा," म्हणाल्या. "बसा आता खेळायला."

मी पेनचं टोपण लावलं. सवयीनं शैलाताईंचा हात पान सरकवायला माउसकडे गेला. तात्या केव्हा आत आले होते, कुणाला कळलं नाही.

"ताई," ते म्हणाले, "हालवू नका."