उतरा, गाव आलं

गावाची पाटी दिसली की ते डावा हात बाजूला काढायचे, पंजा खाली दाबायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "उतरा. गाव आलं." मग स्वतः सायकलवरून उतरून, हँडल धरून, गावातून चालू लागायचे. शेवटचं घर मागे पडलं की पुन्हा तसंच मागे न बघता, "बसा आता."

ज्याचं खूळ सबंध गल्लीला तोंडपाठ असतं, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या अमरावतीच्या गल्लीत हे होते. लाल बस चालवून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की घरात बोलले तरी मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जावा. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. मी विम्याच्या कचेरीत खुर्ची गरम करणारी बाई. रक्तातली साखर वाढली तेव्हा चौकातल्या दातांच्या डॉक्टरांनी मला आपल्या रविवारच्या सायकलवाल्यांत ओढलं. पहिल्याच रविवारी पाहते तर काका कॅरिअरवाली काळी सायकल घेऊन फाटकाशी उभे. येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "रस्ते मले मालूम हायेत. मी पुढं राहीन." आणि राहिले.

त्या दिवशी पहिल्या गावात त्यांनी आम्हाला उतरवलं, तेव्हा मला वाटलं पंक्चर झालं. दुसऱ्या गावात वाटलं, दम लागला असेल. त्यानंतरच्या गावात मात्र माझं डोकं फिरलं.

"काका, आपण सायकल चालवायला आलोय की फिरवायला?"

"दोनीही," ते म्हणाले आणि चालत राहिले.

चहाच्या टपरीवर डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कारण कळलं. "सारी नौकरी गावातून हॉर्न मारत गेलो, डॉक्टरसाब. गाव आलं की कोंबडी पळे, म्हातारी पळे, लेकराले ओढत त्याची माय पळे. टाइम गाठाचा असे ना. मले साऱ्या पाट्या पाठ हायेत, पण एका गावातलं तोंड याद नाही. म्या ठरवलं, आता आपल्यापायी कोणी उठून पळालं नाही पाह्यजे." त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. होती ती काढून त्यांनी फडताळात टाकली होती.

हे ऐकून तुम्ही त्यांना संत करायला निघाला असाल तर जरा थांबा. मागून येऊन कोणी पुढे गेलेलं त्यांना मुळीच खपत नसे. रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ते नापास करत. "पाहा, पाहा, कसा काटून राह्यला! याले लायसन कोणं देलं?" चहात साखर कमी पडली तर टपरीवाल्याची शाळा घेत. आणि आपल्या पायांची बढाई तर विचारू नका. "घाटातले ब्रेक दाबले हायेत या पायानं. लोखंड हाये लोखंड." काकूंना हे सगळं ऐकून ऐकून वीट आला होता. "चालतच जाचं तर सायकल कायले नेता?" असं त्या दर रविवारी फाटकातून विचारत, आणि काका दर रविवारी कान नसल्यासारखे निघून जात.

एकदा आम्ही सायकली पिकअपमध्ये टाकून अकोल्याला गेलो. पातूरची लेणी पाहायची, तिथून सायकलीनं बाळापूरला जायचं आणि किल्ला पाहून परतायचं, असा बेत होता. लेण्यांत काका लवकर कंटाळले. "अठी कोणी राह्यत नाही काय?" एवढंच त्यांनी विचारलं. टेकड्यांमधला रस्ता मात्र त्यांना आवडला. वाहन नाही, माणूस नाही, फक्त आमच्या साखळ्यांचा आवाज आणि उतारावर कानात शिरणारा वारा. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. तेवढ्यात बाळापूरची पाटी आली आणि हात खाली गेला.

डॉक्टर हबकले. "काका, हे गाव नाही, शहर आहे! संपता संपायचं नाही."

"घरं दोनी बाजूले हायेत का नाही?"

झालं. आम्ही चालायला लागलो. डॉक्टरांच्या बुटांना तळाशी पेडलमध्ये अडकणारी खुंटी होती, त्यामुळे ते टांग्याच्या घोड्यासारखे टकटक वाजत होते. पोरंटोरं हसायला लागली. एका सतरंज्यांच्या दुकानाच्या पायरीवर पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. त्यांनी हाक मारली, "क्या हुआ भाई, सबकी सायकल एकसाथ पंक्चर?"

"नाही चाचा. तुमचं गाव पाहून राह्यलो."

"पाहाचं तर बसून पाहा ना," चाचा म्हणाले आणि त्यांनी आतून सतरंजी मागवली.

सतरंजीपाठोपाठ चहा आला, चहापाठोपाठ चाचांचे भाऊ आले, आणि भावापाठोपाठ अर्धी गल्ली. किल्ल्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि खाली किल्ल्याजवळ मिळणाऱ्या दोन नद्यांचं पाणी पिवळं दिसत होतं. बाळापूरवरून मी बसनं किती वेळा गेले असेन, पण त्या गावात कोणी मला माझं नाव विचारलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्यानंतर मी उतरण्यावरून भांडले नाही. कुरकुर केली, ती शेवटपर्यंत केली.

डॉक्टरांना इटलीचं वेड होतं. कधीतरी तिकडच्या डोंगरांतून सायकल चालवायची म्हणून ते मोबाइलवर व्हिडिओ बघत आणि आम्हाला दाखवत. एकदा टपरीवर त्यांनी काकांसमोर मोबाइल धरला. हिरवे डोंगर, वळणावळणाचा रिकामा रस्ता, टेकडीच्या डोक्यावर दगडी घरांचं जुनं गाव. रंगीत कपड्यांतले सायकलवाले गावाच्या कमानीतून शिरले आणि पलीकडून सुर्रकन बाहेर पडले. काकांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा पाहिलं.

"गाव झ्याक हाये," ते म्हणाले. "आपल्या अचलपुरासारखा दरवाजा हाये. पण हे लोक उतरले कावून नाहीत?"

"तिकडे तसं नसतं, काका."

"बुढी बसली होती ना दारात. तिच्या नाकाजवळून गेले."

डॉक्टरांनी व्हिडिओ मागे नेला. खरंच, कमानीच्या आत काळ्या कपड्यांतली एक म्हातारी खुर्चीवर बसली होती. सायकली आल्या तेव्हा तिनं पाय आत ओढून घेतले होते.

"तुमी गेले का उतरजा," काका म्हणाले. "तिले सांगजा, अमरावतीचे हाओत म्हणून."

त्यांची स्वतःची हौस एकच होती. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा, वाटेत पाय टेकायचा नाही. नोकरीभर ते त्याच घाटात गाडी घेऊन गेले होते. "गाडी चढे, मी बसून राहो. एक डाव मी चढतो, गाडी बसू द्या," असं म्हणायचे. डॉक्टरांनी आपली जुनी गिअरची सायकल त्यांना देऊन टाकली, तिला काकांनी पहिल्या दिवशी कॅरिअर बसवला. दम त्यांना होता. अडचण वेगळीच होती. घाट संपायच्या थोडं आधी एका वळणावर गवळ्यांची वस्ती आहे. काही घरं, गोठे, खव्याची भट्टी, एक चहाचं दुकान. काका सगळा घाट न टेकता चढत, आणि तिथे येऊन उतरत.

"अहो, पाटीसुद्धा नाही इथे! हे काय गाव आहे?" मी हात जोडून म्हणायची.

"चूल पेटते का नाही?" ते विचारायचे, आणि वस्ती ओलांडून म्हणायचे, "झालं. आता पुढच्या डाव."

मग पुढचा डाव संपत आला. लोखंडाचे पाय गुडघ्यातून गेले. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही गुडघे बदलू, सपाट रस्त्यावर सायकल खुशाल चालवा, पण घाट विसरा. ऑपरेशन अकोल्याला, मुलीच्या घराजवळ ठरलं. त्याआधीचा एक रविवार हातात होता. आदल्या आठवड्यात काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ कोणत्याच ड्रायव्हरला नावं ठेवली नाहीत. मग म्हणाले, "ताई, एक डाव झालं पाह्यजे." त्या आवाजात विनंती होती. त्यांच्या तोंडी ती मी कधी ऐकली नव्हती, आणि मला ती सोसली नाही.

आम्ही एक शहाणपणा केला. शनिवारी मी आणि डॉक्टर कारनं त्या वस्तीवर गेलो आणि चहाच्या दुकानातल्या गवळणबाईला सगळं सांगितलं. उद्या काका येतील, त्यांचा हा शेवटचा घाट आहे. त्यांना एवढंच म्हणा की बाबा, उतरू नका, गावाची परवानगी आहे.

"ते उतरणारे बाबा?" ती हसली. "सांगते ना माय. तुमी बिनघोर जा."

आता तुम्हीच सांगा, वऱ्हाडात कुणाला एक काम सांगितलं तर ते कधी एकट्यानं केलं जातं का? हे आम्हाला कळायला हवं होतं.

रविवारी दरीत धुकं भरलं होतं. काका पुढे, आम्ही मागे. वळण आलं की ते स्वतःशीच पुटपुटत, "दुसरा टाक... आता पह्यला," आणि गिअर बदलत. दर पेडलला उजवा गुडघा बाहेर जात होता. थांबा, असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. शेवटी वस्तीचं वळण आलं.

सगळी वस्ती रस्त्यावर होती. दोन्ही बाजूंना बादल्या घेतलेल्या बाया, पटके बांधलेले गवळी, हातात उलथणं घेऊन भट्टीवरचा माणूस. एका जख्ख म्हाताऱ्याला दोघांनी दंडाला धरून उभं केलं होतं. गवळणबाई पुढे होऊन ओरडली, "बाबा, आज उतरू नका! बसून जा! गाव सांगून राह्यलं!"

काकांचा वेग कमी झाला. मी मनात म्हणत होते, जा, जा, जा. त्यांचा डावा हात बाजूला निघाला. पंजा खाली गेला.

"उतरा."

"काका, अहो तेच सांगताहेत ना!" मी जवळजवळ किंचाळले.

ते उतरलेच होते. छाती भात्यासारखी हलत होती. "साऱ्याइले उभं केलं तुमी, ताई," ते म्हणाले. "एवढे लोक आपल्यासाठी उभे, अन् मी बसून जाऊ?"

त्यांची सायकल एका गवळ्यानं धरली आणि ते प्रत्येकाला हात जोडत चालले. हातावर गरम खवा पडला, तो त्यांनी उभ्यानं खाल्ला. म्हाताऱ्यानं विचारलं, "पाय दुखते काय?" काका म्हणाले, "आता नाही." मी त्यांच्यामागून सायकल ढकलत होते आणि रडत होते. राग आला होता, आणि त्या माणसाबद्दल इतकी माया दाटली होती की राग कुठे संपतो ते कळत नव्हतं.

वर गाविलगडाचा तट दिसला तेव्हा ते म्हणाले, "घरी सांगू नका, उतरलो म्हणून."

"मग काय सांगू?"

"सांगजा, गावानं सत्कार केला."

ऑपरेशन चांगलं झालं. काका मुलीकडेच राहिले, अकोल्याच्या सपाट रस्त्यांवर थोडी थोडी सायकल चालवू लागले आणि दर रविवारी फोन करू लागले. "कोठी गेले होते? उतरले काय?" मी हो म्हटलं तरी डॉक्टरांना वेगळं विचारून खात्री करून घेत. पुढची थंडी यायच्या आत एका सकाळी फोन आला तो त्यांच्या मुलीचा होता. रात्री झोपले ते उठले नाहीत.

त्यांचं मूळ गाव अचलपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. तिथेच न्यायचं ठरलं. आम्ही अचलपूरला थांबलो आणि अकोल्याहून काकांना घेऊन आलेल्या गाडीच्या मागे डॉक्टरांची कार घेतली. आमच्या मागे नातेवाइकांच्या गाड्या होत्या. काकू पुढच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या.

वाटेत एक लहानसं गाव लागतं. पाटी आली तसा ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्न दाबला. पुढची गाडी थांबली. दार उघडून काकू खाली उतरल्या. पदर डोक्यावर सारखा करत ड्रायव्हरला म्हणाल्या, "हॉर्न नको मारू, बापा. हळू घे." मग आमच्याकडे न बघता त्यांनी डावा हात बाजूला काढला.

"उतरा. गाव आलं."

गाड्या चालवणारे सोडून सगळे उतरले; डॉक्टरांनी आपली कार एका नातेवाइकाच्या हाती दिली. गाडी पुढे, माणसाच्या पावलानं, आणि आम्ही मागे. ओट्यावर बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली. मागे डॉक्टरांच्या कारचं इंजिन हळू चालू होतं, तेवढाच आवाज.

शेवटचं घर मागे पडलं. आम्ही सवयीनं थबकलो. डॉक्टर थांबले, मी थांबले, काकूही थांबल्या. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत राहिला. पुढचा शब्द कोणीच म्हणत नव्हतं. थोड्या वेळानं काकूंनी गाडीला हात केला, चल म्हणून, आणि त्या चालू लागल्या.

काकांचं गाव अजून बरंच लांब होतं. बसा, असं सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही तिथपर्यंत चालत गेलो.