बळदातल्या बाटल्या

मी चौथीपर्यंत शिकले. बाटलीवरचं साल वाचता येतं, बाकीचं जीभ सांगते.

इटलीची लाल वाइन घरात आली ती पाहुण्यामुळं. मुलगा शेंद्र्याला कारखान्यात आहे. तिथं मशीन बसवायला आलेला इटलीचा माणूस वर्षभर आमच्याकडं जेवला आणि मला चव लावून गेला. त्यातली बार्बेरा करवंदासारखी आंबट. मटणाच्या रश्श्यापुढं तीच टिकते. आणावी आणि संपवावी. दुसरी नेबिओलो, ती नवी असताना कच्च्या जांभळासारखी जीभ धरते, पण चार-पाच वर्षं ठेवली की मऊ होते. त्यातली स्वस्त बाटलीही ठेवण्याजोगी असते. महागडी मी घेत नाही.

शहरातला दुकानदार काचेपाशी उन्हात मांडलेली बाटली पुढं करतो. "मावशी, ही न्या, दिसायला भारी आहे."

"ती तुझ्या दुकानाच्या शोभेला ऱ्हाऊ दे. आतल्या खोक्यातली काढ."

बाटल्या ठेवायला आमचं बळद. धाब्याच्या घरात दोन जाड मातीच्या भिंतींमधली ही अंधारी जागा, पूर्वी तिथं ज्वारी भरायचो. भर वैशाखातही आत गार असतं. बूच ओलं राहावं म्हणून मी बाटल्या आडव्या ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात मुलाला बळद पाडून तिथं बाथरूम बांधायची होती.

"माय, बाटल्या कुठंबी ऱ्हातेत. त्यासाठी भिंती कशाला सांभाळायच्या?"

त्याच आठवड्यात धाकट्या जावेनं धाब्यावर वाळवण घातलं. मी वर गेले, तर कुरडया आणि डाळींच्या शेजारी माझ्या नेबिओलोच्या काही बाटल्या.

"आक्का, लई वर्षं अंधारात पडल्यात. कीड लागंल म्हणून चार रोज उन्हं दाखवायले."

"बाटलीला कीड नाय लागत. तुझ्या डोक्याला लागली."

"मग मलाबी घाला वाळत डाळीसंगं."

मी ओरडत बसले नाही. रविवारी मटण केलं. एक उन्हातली आणि एक बळदात राहिलेली, एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या फोडल्या. मुलापुढं दोन पेले ठेवले, कुठला कोणता ते सांगितलं नाही.

"उन्हातली आवडली तर उद्याच मिस्तरी बोलाव. मी आडवी येणार नाय."

मला खात्री होती. तरी त्यानं पेला उचलला तेव्हा भाकरी थापता थापता माझा हात थांबला.

पहिला घोट घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं. "ही शिजल्यावाणी लागायली." दुसरा पेला त्यानं अर्धा केला, मग भाकरी मोडली, मग उरलेला संपवला.

"बळदातली कोणती, माय?"

"तुझा कोणता पेला रिकामा हाय?"

बाथरूम परसात झाली. उन्हातल्या बाटल्या जावेनं रश्श्यात ओतून संपवल्या. रस्सा चांगला झाला होता, तसं मी तिला सांगितलंही.

परवा मी बार्बेरा काढायला बळदाचं दार उघडलं, तर मुलगा मागून म्हणाला, "माय, लवकर लाव ते. ऊन शिरायलंय."