तात्यांचा रिकामा गळ

लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्याला सासुरवाडीला गेलो आणि नको तिथं तोंड उघडलं. दुपारच्या कालवणाला मासे मीच आणणार, असं घरभर सांगून बसलो. सासुरवाडी इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून. मी बारामतीचा. कालव्यावर चार मासे काय धरले, स्वतःला उस्ताद समजत होतो.

सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही. पाण्यावर गेलेले तात्या रिकाम्या हातानं परत आलेत, असं गावात कुणी पाहिलं नव्हतं. तेही माझ्याबरोबर निघाले. मी नवी काठी घेऊन थेट खडकावर, खोल पाण्याकडं. मोठं पाणी, मोठा मासा, एवढंच माझं शास्त्र.

"पाव्हणं, ऊन तापाय लागलंय. चिलापी आता काठाला येती," तात्या म्हणाले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते पुन्हा बोलले नाहीत. आमच्याकडं जावयाला दुसऱ्यांदा कुणी सांगत नाही.

ते खाली गुडघाभर पाण्यात, अर्ध्या बुडालेल्या बाभळीपाशी बांबूची काठी धरून उभे राहिले.

"तात्या, बेडकं धरताय का?" मी वरून ओरडलो. ते हसले.

ऊन डोक्यावर आलं तरी माझी दोरी हलली नाही. त्यांचीही हलली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यामुळं मला बरं वाटत होतं.

शेवटी त्यांची काठी घेऊन बघावी म्हणून खाली उतरलो. चिखलात माशांनी विणीसाठी केलेले ताटाएवढे गोल खळगे, आणि प्रत्येक खळग्यावर एकेक चिलापी राखणीला. पाय टाकावा तिथं मासा. तात्यांचा गळ हातात घेतला, तर नुसता आकडा. गांडूळ नाही, कणीक नाही.

"तात्या, हे काय?"

"जावयाच्या आधी सासऱ्यानं मासा काढायचा व्हय? बरं दिसत न्हाय."

माझे कान तापले. आता इथंच गळ टाकू, म्हणालो, तर म्हणाले, "नगं. घरची जेवायची थांबल्यात."

परतताना चावडीपाशी एकानं विचारलंच, "तात्या, आज रिकामं?"

"यश न्हाय हाताला. पाव्हण्यांना म्याच भलत्या जागंला बसवलं."

मी काही बोलणार, तोच त्यांनी माझा दंड दाबला. गप्प बसणं माझ्याच सोयीचं होतं.

घरी वाटण तयार होतं. सासूबाई तात्यांवरच घसरल्या, "जल्म पाण्यात घातला आन जावायाला रिकामं आणलं?" मग त्याच मसाल्यात घरात होती तेवढी अंडी सोडली. ती सगळी माझ्या ताटात आली. तात्यांना नुसता रस्सा.

मी लाजेनं ताटातली अंडी नुसती इकडची तिकडं करत बसलो. तात्यांनी ते पाहिलं आणि आत हाक मारली, "अगं, पाव्हणं लाजत्यात. आजून वाढ त्यांना."