पंचमीपर्यंत राखलेली नखं

लेक भोरला पार्लरचं काम शिकत होती, तेव्हा घरी सरावाला तिला माझेच हात मिळायचे. दुपारी भांडी झाली की ती मला पडवीत बसवायची. टोपात कोमट पाणी, त्यात मीठ आणि लिंबू. बोटं भिजली की नखांच्या कडेची कातडी हळूच मागं सारायची, नखं गोल कापायची, खरखरीत पट्टीनं घासायची, शेवटी खोबरेल चोळायची. माझे हात असे कुणी मांडीवर घेतले नव्हते. लाजून मी ओढून घ्यायची. ती म्हणायची, "आये, गप बस. गिऱ्हाईक असं करतं व्हय?"

आता ती भोंगवलीला नांदते. घरी दुभती जनावरं. आमच्या वेल्ह्याकडं यायचं तर एसटी बदलत अख्खा दिवस मोडतो.

यंदा नागपंचमीला येते म्हणाली. भातलावणी उरकली त्या दिवसापासून मी नखांना कटर लावला नाही. तिनं मला थोडा वेळ समोर बसवून ठेवावं, एवढंच मनात होतं. कुणाला सांगितलं नाही. भाकरी थापताना सासूबाई बघायच्या.

"पीठ परातीत कमी आन् नखात जास्त. काप की गं ती!"

"कापते, आत्याबाई."

पंचमीला ती सकाळच्या गाडीनं आली. पुरणाची दिंडं उकडायला ठेवली आणि मी तिच्यापुढं हात धरले.

"आये, ही काय वाघनखं!" हसत तिनं पिशवीतून कटर काढला.

चुलीपासून सासूबाई ओरडल्या, "ठेव त्ये! आज पंचमी हाय. घरात इळीला हात न्हाई लावला आन् तू नखं कापतीस व्हय?"

खरंच की. सकाळपासून काही चिरलं नव्हतं, तवा चढवला नव्हता. सगळं मीच पाळलं होतं. नखंही त्यातच येतात हे ध्यानात कसं आलं नाही? ती येणार, एवढंच धरून बसले होते.

"उद्या कापू," लेक म्हणाली. मला उलट बरंच वाटलं. म्हणजे ती राहणार.

तिनं हात भिजवले, तेल लावून बोटं ओढून मोकळी केली. तिच्याच नखांत वैरणीचा हिरवा डाग होता. मी पुसायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, निघत न्हाई त्यो."

दुपार कलताना जावई मोटारसायकल घेऊन आले. त्यांच्या आईला ताप भरला होता, धारेला कुणी नव्हतं. "मामी, पुढल्या बारीला ठेवतो चार दिस," ते म्हणाले. मी दिंडं डब्यात घालून दिली.

दुसऱ्या दिवशी कापायला हरकत नव्हती. कापली नाहीत. पुढं एकदा तिचा व्हिडिओ कॉल आला.

"हात दाखव. अजून तशीच?"

"कटर गावंना," मी म्हणाले. ती तिचा कटर माझ्यासाठी ठेवून गेली होती. ते तिलाही ठाऊक होतं.

तिनं फोन जवळ धरला. मग हळू म्हणाली, "गवत भांगलताना मोडतील, रगत यील. कापून टाक, आये. म्या काय नखांसाठी येते व्हय?"

फोन ठेवून मी पडवीत बसले. डाव्या हाताची नीट निघाली, उजव्याची वाकडी गेली. मग तेल घेतलं. पण आपलेच हात आपण चोळले की ते लवकर आटपतं.