खंडेनवमीला थांबवलेलं मशीन

सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून मल्हारी खैरनारांनी सगळी नोकरी काढली, पण माणसाचा खरा पिंड लग्नं जुळवण्याचा. समोर कोणीही येवो, दुसऱ्या वाक्याला गाव विचारणार आणि तिसऱ्याला मामाचं आडनाव. मग तो रिक्षावाला असो नाहीतर बँकेतली मॅडम. बायको, उज्वला, कपाळावर हात मारून घ्यायची. "अहो, सोडा की त्या बिचाऱ्याला, तो गॅसची टाकी द्यायला आलाय!" पण यांना राहवेल तर शपथ. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या पुतण्याने, सार्थकने, त्यांना एक वेबसाइट काढून दिली आणि सिडकोतल्या घरात, टीव्हीशेजारच्या टेबलावर, समाजाचं वधूवर केंद्र सुरू झालं.

केंद्राचा नियम एकच, पण कडक. मुलामुलींचे फोटो आणि माहिती व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही. पोरींचे फोटो कुठल्या कुठे जातात, हे मल्हारीकाकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याला स्थळ बघायचं त्याने वेबसाइटवर पासवर्ड टाकून बघावं. स्वतःच्या फोनमधलंही सगळं ते वेबसाइटवर चढवून झालं की पुसून टाकायचे. लोक कुरकुर करायचे, पण मुलींच्या आया डोळे झाकून नाव नोंदवायच्या, त्या या नियमामुळेच.

आता ही वेबसाइट राहायची भाड्याच्या सर्व्हरवर. क्लाउड म्हणतात त्याला.

"म्हणजे मशीनच ना?" काकांनी सार्थकला विचारलं होतं.

"हो काका, मशीनच. फक्त आपल्या घरात नाही."

"मग आहे कुठे?"

"मुंबईकडे कुठेतरी असेल."

असेल म्हणजे काय! ज्याला हात लावता येत नाही, तेल देता येत नाही, ते कसलं आलंय मशीन? काकांना हे कधीच नीट पचलं नाही. पण यंदा सार्थकने त्यांना पॅनेल शिकवलं. हे चालू करायचं बटण, हे बंद करायचं. मग मात्र गडी खूश झाला. बटणं कळली म्हणजे मशीन आपलं झालं.

त्यांच्या यादीत नांदगावकडचा गोरख होता. विहिरीला बारमाही पाणी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, बोलायला गरीब. पण 'मुलगा शेती करतो' म्हटलं की पोरीकडची माणसं चहा अर्धा टाकून उठायची. तिशी उलटून गेली तरी त्याचं जमत नव्हतं आणि काकांच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. यंदा चांदवडच्या मोतीरामरावांची मैना स्वतः म्हणाली, शेतकरी चालेल. काका हरखूनच गेले. दसऱ्याला मोतीरामरावांचे मेहुणे येणार होते. घरच्यांनी मिळून गोरखची माहिती वेबसाइटवर बघायची आणि त्याच दिवशी काय ते ठरवायचं, असा बेत होता. मैनासाठी दुसरं एक स्थळ होतं, पण त्यांचा नुसता माहितीचा कागद मोतीरामरावांच्या घरात पडला होता. मैनाचा कल गोरखकडे होता.

आली खंडेनवमी. कारखान्यात या दिवशी लेथ बंद. मशीन पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याचा. काकांनी लॅपटॉप पाटावर मांडला, झेंडू वाहिला आणि उदबत्ती लावता लावता थबकले. अरे, मशीन तर मुंबईत चालूच आहे! चालत्या मशीनची पूजा करायची? कारखान्यात असं कोणी केलं असतं तर त्यांनी झाडलं असतं त्याला. त्यांनी पॅनेल उघडलं, बंद करायचं बटण दाबलं आणि हात जोडले.

"दाबलं का काही?" उज्वलाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"विश्रांती दिली त्याला. उद्या सकाळी चालू करतो, मोतीरामराव बघायच्या आत."

दसऱ्याला आंघोळ करून काका बसले आणि चालू करायचं बटण दाबलं. एक गोल चकरी फिरायला लागली. फिरतेय, फिरतेय, आपली फिरतेय. नाश्ता झाला तरी फिरतेय. सार्थकला फोन लावला तर तो हिमाचलात फिरायला गेलेला, फोन बंद. मग त्यांनी कंपनीच्या मदतीचा चौकोन उघडला.

'नमस्कार, मी आयुष. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

"आयुष, बाळा, माझं मशीन चालू होत नाहीये," काकांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

'आमच्या नोंदीनुसार आपला सर्व्हर आपणच बंद केला आहे.'

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मी केला, खरंच की! पण मग चालू का होत नाही? तर आयुषने उत्तर दिलं की तांत्रिक पथक बघत आहे, थोड्या वेळात होईल. तेवढ्यात मोतीरामरावांचा फोन. "मल्हारीराव, पान उघडत नाही हो. पाहुणे बसलेत."

"होतंय, थोड्या वेळात होतंय!" काका म्हणाले. कंपनीचे शब्द जसेच्या तसे पुढे सरकवले आणि तिथेच फसले.

कारण आयुष गेला आणि साक्षी आली. साक्षीने सगळं पहिल्यापासून विचारलं. काकांनी पहिल्यापासून सांगितलं. साक्षी म्हणाली, आपल्या बाजूने काही चूक नाही, आपला सर्व्हर आहे त्या भागातल्या सगळ्याच मशीनना अडचण आहे. काकांचा जीव जरा भांड्यात पडला. पण कंपनीच्या पानावर जाऊन बघतात तर सगळीकडे हिरवे दिवे, सर्व काही सुरळीत. आता बोला! अडचण आहे म्हणतात आणि दिवे हिरवे. साक्षीला विचारलं तर साक्षी गेलेली. तिसरा कोणी आला, त्याने आपलं नावसुद्धा सांगितलं नाही आणि परत पहिल्यापासून विचारायला लागला.

काकांचं डोकं भणभणलं. शेवटी त्यांनी लिहिलं, "बाबा रे, तुझं गाव कोणतं? मामा कुठले?"

'आम्ही आपली अडचण समजू शकतो,' उत्तर आलं.

"तो माणूस तरी आहे का हो?" उज्वला खांद्यावरून वाकून बघत म्हणाली. "सोडा ते. गोरखकडून फोटो आणि माहिती मागवा आणि द्या पाठवून व्हॉट्सॲपवर."

"नियम आहे माझा."

"नियम पोरींसाठी केला होता ना तुम्ही? मग आता त्या पोरीलाच बघायचंय!"

काका लॅपटॉपकडे वळले. परत चकरीकडे बघितलं. थोडा वेळ, अजून थोडा वेळ. मोतीरामरावांचे आणखी दोन फोन येऊन गेले. ऊन कलल्यावर कुठे त्यांनी गोरखकडून सगळं मागवलं आणि नियम मोडून चांदवडला पाठवलं. बघितल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. पाठोपाठ हात जोडल्याचं चित्र. मग मोतीरामरावांचा आवाज: "मल्हारीराव, राग मानू नका. मेहुणे म्हणाले, ज्यांचं पानच दिसत नाही त्यांचं काय बघायचं? तो दुसरा कागद समोर होता. दसऱ्याचा मुहूर्त, सुपारी फुटली. पोरगी जरा नाराज आहे, पण होईल सगळं नीट."

काकांनी फोन खाली ठेवला आणि त्यांना रडू आलं. लेथवर बोट कापलं तेव्हा आलं नव्हतं.

वेबसाइट दुसऱ्या दिवशी आपोआप उघडली. कोणी काय केलं, देव जाणे. कंपनीच्या दोन मेल आल्या. पहिलीत होतं, ग्राहकाने सर्व्हर बंद केल्यामुळे सेवा उपलब्ध नव्हती. दुसरीत होतं, आमच्या सर्व्हर-केंद्रात खंडेनवमीच्या सकाळपासून बिघाड होता. म्हणजे उदबत्ती लावायच्या आधीच ते मशीन बसलं होतं का? की काकांनी बटण दाबल्यावर बसलं? की बटण नसतं दाबलं तर चाललं असतं? सार्थकला विचारलं तर तो म्हणाला, काका, दोन्ही असू शकतं. काकांनी कंपनीला विचारलं, मला एकच सांगा, चूक तुमची की माझी? उत्तर आलं, आपली तक्रार निकाली निघाली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

काका दिवसभर त्या दोन मेल उलटसुलट वाचत बसायचे. डोक्याचा पार भुगा झाला.

दिवाळीच्या तोंडावर गोरख आला. पिशवीत मक्याची कणसं होती. चहा समोर ठेवला तर हात लावला नाही.

"काका, खरं सांगा. ती वेबसाइट बंद व्हती, हे तुमी माझं मन राखायला म्हनला ना?"

"नाही रे बाबा!"

"मंग कंपनीला इचारा, त्ये सांगतील खरंच बंद व्हती का नाय. माझ्यातच कायतरी कमी हाय. दर बारीला असंच व्हतं. कोनी नाय म्हनत नाय, नुसतं गप होऊन जातं सगळं."

पोरगा खाली मान घालून बसला होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं, टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघितलं. झेंडूचं एक वाळलेलं फूल अजून त्याच्या कडेला अडकलेलं होतं.

"गोरख, चूक माझी," ते म्हणाले. "खंडेनवमीला मी माझ्या हाताने मशीन बंद केलं. तुझ्यात काही कमी नाही. तुझं जमलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं."

गोरखने मान वर केली. काका शिव्या खायच्या तयारीनेच बसले होते. गोरखचे डोळे भरून आले आणि तो चक्क हसला. "लय बरं झालं काका, कोनीतरी बोललं," म्हणाला आणि निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला. जाताना दारातून वळला. "माझं नाव ऱ्हाऊ द्या तुमच्या वेबसाइटवर."

तो गेल्यावर उज्वला कप उचलायला आली. "चूक तुमचीच होती, असं कुठे ठरलंय अजून?"

"नाही ठरलं," काका म्हणाले. "मला अजून काही कळलेलं नाही. पण चूक त्याची नाही, हे त्याला कळायला नको?"